प्रश्न आपला, मोजणीही आपली: वस्तीतल्या लोकांनी स्वतः करायचं संशोधन

इंदूरमध्ये 'सर्वेक्षण' हा शब्द शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात शहर सतत अव्वल राहिलं आणि त्या निमित्ताने नागरिकांचं मत विचारणं ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट झाली. आता २०२७ ची जनगणना आहे. ती देशातली पहिली डिजिटल जनगणना, म्हणजे प्रगणक कागदाऐवजी मोबाइलवर माहिती भरणार. याशिवाय रेशनची ई-केवायसी, आशाताईंची वही, कुठल्यातरी कॉलेजच्या मुलांचा प्रकल्प हे चालूच असतं. गरीब वस्तीत तर आठ-पंधरा दिवसांनी कोणी ना कोणी काहीतरी लिहून घ्यायला येतंच.

मी बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर एका वस्तीतल्या बायकांबरोबर बसू लागले. पहिल्याच दिवशी त्यांच्यातली एक जण म्हणाली, "काकू, सगळे लिहून नेतात. लिहिलेलं परत आणून कोणी दाखवत नाही." मी सोबत लांबलचक प्रश्नावली नेली होती. ती मी पिशवीतून बाहेर काढलीच नाही.

ज्यांच्याबद्दल माहिती गोळा होते त्यांनीच प्रश्न ठरवला, माहिती गोळा केली, तिचा अर्थ लावला आणि पुढे काय करायचं तेही ठरवलं, तर? या रीतीला एक जडसं नाव आहे : सहभागी कृती संशोधन. सहभागी म्हणजे ज्यांचा प्रश्न तेच संशोधक. कृती म्हणजे संशोधन कपाटात न ठेवता त्याच्या जोरावर काही बदलायचं. या लेखात यापुढे मी त्याला नुसतं 'वस्तीचं संशोधन' म्हणेन.

हे नवं खूळ आहे का?

नाही. कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये 'कृती संशोधन' ही कल्पना मांडली. एखादी परिस्थिती नीट समजून घ्यायची तर ती बदलण्याचा प्रयत्न करून पाहावा, असं त्याचं म्हणणं होतं. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरे प्रौढ निरक्षरांना अक्षरं शिकवताना त्यांच्याच जगण्यातले शब्द घेऊन त्यांच्याशी चर्चा करत. कोलंबियाचे ओर्लांदो फाल्स बोर्दा यांनी शेतकऱ्यांबरोबर काम केलं आणि १९७७ मध्ये कार्ताहेना शहरात या विषयावर जगभरातल्या अभ्यासकांची परिषद भरवली.

आपल्याकडेही त्याच काळात, पालघर भागात, भूमी सेनेचे आदिवासी शिबिरं घेऊन आपली जमीन कोणाकडे, किती आणि कशी गेली याचा हिशेब स्वतः मांडत होते. तो हिशेब मांडत मांडतच त्यांची जमीन सोडवण्याची लढाई उभी राहिली. बाहेरून आलेल्या अभ्यासकांनी त्यांचं ते काम पाहून नंतर त्यावर लिहिलं, आणि या विषयाच्या अभ्यासात भूमी सेनेचं नाव आजही घेतलं जातं.

पण इंदूरकरांना मी वेगळीच गोष्ट आधी सांगते. होळकरांच्या काळात पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार इंदूरला आले होते. १९१८ मध्ये त्यांनी दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला. त्यांची पद्धत अशी : आधी रोगाचं निदान, मग उपचार. शहर पायी हिंडायचं, गल्ली न् गल्ली बघायची आणि त्यानंतरच कुठे काय पाडायचं, काय राखायचं ते ठरवायचं. वही-नकाशा घेऊन हिंडणारा हा साहेब दिसला की लोक घाबरायचे, कारण नगररचना म्हणजे घरं पाडणं एवढंच त्यांना माहीत होतं. त्यात प्लेगचे दिवस. गेडिसनी मग एक युक्ती केली. दिवाळीला मोठी मिरवणूक काढायची आणि ज्या भागातल्या लोकांनी आपली घरं-गल्ल्या सर्वांत स्वच्छ केल्या असतील त्या भागातून ती न्यायची, असं जाहीर करवलं. मिरवणुकीत प्लेगचा भला मोठा उंदीर होता आणि शेवटी घाणीच्या राक्षसाचं दहन झालं. शहर झाडूनपुसून निघालं.

ही गोष्ट मला फार आवडते. मात्र तिच्यातही प्रश्न साहेबाचाच होता. लोकांनी झाडू घेतला, वही साहेबाच्याच हातात राहिली. ती वही लोकांच्या हातात कशी येईल, त्याबद्दल पुढे.

तक्रार आणि प्रश्न यांत फरक काय?

आपल्या नळांचंच उदाहरण घेऊ. १९७० मध्ये नर्मदेचं पाणी शहरात यावं म्हणून इंदूरने मोठं आंदोलन केलं, आणि मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, विंध्याचा चढ चढवून ते पाणी आणलं गेलं. आज बहुतेक भागांत ते एक दिवसाआड येतं. वस्तीत बसलं की पहिलं वाक्य ऐकू येतं : "पाणीच येत नाही."

ही तक्रार झाली. तक्रार खरी असते, पण तिचा धागा सापडत नाही. महापालिकेच्या ३११ ॲपवर टाका, मुख्यमंत्री हेल्पलाइनच्या १८१ वर फोन करा. एकेक तक्रार सुटी सुटी नोंदवली जाते, कोणीतरी येऊन बघतो, "नळ तर चालू आहे" असं लिहितो आणि तक्रार बंद होते. तो माणूसही खोटं बोलत नसतो. तो आला तेव्हा नळ चालू असेल.

तक्रारीचा प्रश्न करायचा म्हणजे तिला असं रूप द्यायचं की उत्तर मोजता येईल. पाणी किती वाजता येतं? किती मिनिटं टिकतं? गल्लीच्या तोंडाशी आणि शेवटच्या घरात फरक किती? धार किती जोराची?

धार मोजायला यंत्र लागतं असं वाटेल. लागत नाही. पंधरा लिटरची बादली आणि सेकंद काटा असलेलं घड्याळ पुरे. बादली भरायला किती सेकंद लागतात ते लिहायचं. समजा गल्लीच्या तोंडाच्या घरात ५० सेकंद लागले आणि शेवटच्या घरात १५०. म्हणजे पहिल्या घरात मिनिटाला १८ लिटर, शेवटच्या घरात ६ लिटर. पाणी ४५ मिनिटं राहिलं तर पहिल्या घराला ८१० लिटर मिळालं, शेवटच्याला २७०. घरात पाच माणसं आणि पाणी एक दिवसाआड, म्हणजे हे पाणी पाच जणांना दोन दिवस पुरवायचं. भागाकार करा : पहिल्या घरात माणशी रोज ८१ लिटर, शेवटच्या घरात २७. सांडपाण्याची व्यवस्था असलेल्या शहरांसाठी सरकारचं स्वतःचं मोजमाप माणशी रोज १३५ लिटर आहे.

हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत. पण बघा, "पाणीच येत नाही" या वाक्याचं काय झालं. आता ते "शेवटच्या घराला माणशी २७ लिटर" झालं. त्याला "नळ चालू आहे" हे उत्तर लागू पडत नाही. आणि ही आकडेमोड सातवी पास मुलगी करू शकते; मी तिला ती करताना पाहिलंय.

माझं या विषयातलं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं. ज्याच्या शब्दाला आधीच वजन आहे त्याला पद्धतीची फारशी गरज नसते. कॉलनीतल्या मोठ्या माणसाने पार्षदाला, म्हणजे नगरसेवकाला, फोन केला की काम होतं, त्याला कोणी तक्ता मागत नाही. ज्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही, त्यालाच काटेकोर मोजणी जास्त लागते. म्हणून "गरिबांना कशाला संशोधन शिकवता" हे वाक्य मला उलटं वाटतं.

शितावरून भाताची परीक्षा

सगळ्या घरांत जाणं नेहमी जमत नाही. मग काही घरं निवडावी लागतात. त्या निवडलेल्या घरांना 'नमुना' म्हणतात. नमुन्याचं शास्त्र आपल्या आज्यांना माहीत होतं : शितावरून भाताची परीक्षा. पातेल्यातला सगळा भात चिवडावा लागत नाही, दोन शितं दाबली की कळतं.

पण त्याच आज्यांना हेही ठाऊक होतं की वरचं शीत शिजलं म्हणून तळाचा भात करपला नसेल असं नाही. शीत कुठून उचललं यावर सगळं अवलंबून. वस्तीत सर्वेक्षण करणारे बहुधा रस्त्यालगतच्या, दार उघडं असलेल्या, खुर्ची देणाऱ्या घरांतच जातात. आतल्या बोळातलं, नाल्याकाठचं, सकाळी सातला कुलूप लावून धुणीभांड्याला निघून जाणाऱ्या बाईचं घर त्यात येतच नाही. पाण्याचा त्रास नेमका तिथेच जास्त असतो.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी तिथल्या दोन खेड्यांतल्या बायकांची तपासणी केली. अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तोवर स्त्रियांच्या आजारांबद्दलची बहुतेक माहिती दवाखान्यात येणाऱ्या बायकांवरूनच काढलेली होती, म्हणजे पातेल्यातल्या वरच्या शितांवरून. बंगांनी दवाखान्यात वाट न बघता गावातल्या सगळ्याच बायकांना बोलावलं. ६५० जणींना तपासलं, तेव्हा ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले. त्याआधी यांच्यापैकी जेमतेम ८ टक्क्यांची अशी तपासणी कधी झाली होती. आजार तर होतेच. जगाला ते दिसत नव्हते, कारण शीत चुकीच्या ठिकाणचं होतं.

मग गल्लीत काय करायचं? घरं ओळीने मोजा आणि दर पाचवं घर घ्या. त्या घराला कुलूप असेल तर शेजारचं घर पकडू नका. संध्याकाळी परत जा, तिसऱ्यांदाही जा. कंटाळवाणं काम आहे. संशोधनातलं निम्मं काम असंच असतं. वस्ती साठ-सत्तर घरांची असेल तर मात्र नमुन्याच्या भानगडीत पडू नका, सगळीच घरं घ्या.

"पोहे छान झालेत ना?"

पाहुण्यांना असं विचारलं की उत्तर एकच येतं. प्रश्नातच उत्तर घालून दिलं की समोरचा तेच परत देतो. "तुमच्याकडे पाण्याचा फार त्रास आहे ना?" या प्रश्नाचं उत्तरही ठरलेलं आहे. त्याऐवजी "परवा नळ आला तेव्हा काय काय भरून ठेवलं?" असं विचारा. बाई हंडा, पिंप, कळशी, कूलरची टाकी मोजून सांगेल, आणि ती खरी माहिती असेल.

काळाचंही भान ठेवावं लागतं. "महिन्यात किती वेळा टँकर बोलावला?" याचं उत्तर अंदाजाने येतं. "गेल्या रविवारपासून आजपर्यंत?" याचं बरंच नेमकं येतं. आणि उत्तर कोण देतंय ते बघा. दारात पुरुष उभा असला की तोच बोलतो. पाणी किती वाजता उठून भरावं लागतं हे त्याला बहुतेक वेळा माहीत नसतं, कारण भरणारी दुसरीच असते. आमच्या गटातल्या मुलींनी एक साधी रीत काढली : उत्तर ज्याने दिलं त्याच्यापुढे 'भरणारी' किंवा 'न भरणारा' एवढंच लिहायचं. कुठल्याही पाठ्यपुस्तकात मला हा रकाना दिसला नव्हता. नंतर सगळ्या हिशेबात तोच सर्वांत उपयोगी ठरला.

अडाणी माणसांचं संशोधन कोण मानणार?

पहिला आक्षेप हाच असतो आणि तो मनापासून घेतलेला असतो. शिक्षण नाही, यंत्रं नाहीत, मग विश्वास कसा ठेवायचा?

१८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलराची भयानक साथ आली. दहा दिवसांत पाचशेच्या वर माणसं गेली. जॉन स्नो या डॉक्टरांना संशय होता की ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाचं पाणी दूषित आहे. त्या काळी कॉलरा घाणेरड्या हवेने होतो असं बहुतेक जण मानत. स्नोंनी मृत्यूंची नोंद घरांप्रमाणे मांडली, पंपाचं हँडल काढायला लावलं. शाळेत आपण इथवर शिकतो. पुढचा भाग कमी लोकांना माहीत आहे. हेन्री व्हाइटहेड नावाचे तिथल्याच चर्चचे तरुण पाद्री होते. स्नोंचं म्हणणं त्यांना पटलं नव्हतं, ते खोडून काढायलाच ते निघाले. पण घरोघरच्या माणसांना ते नावाने ओळखत होते. एकेका घरी परत परत जाऊन, कोण पंपाचं पाणी प्यायलं आणि कोण नाही, हे त्यांनी विचारलं. स्थलांतर करून गेलेल्यांचाही माग काढला. शेवटी त्यांना पंपाला लागूनच असलेल्या ४० नंबरच्या घरातलं आजारी तान्हं बाळ सापडलं. त्याचे लंगोट धुतलेलं पाणी ज्या खड्ड्यात जात होतं, तो विहिरीच्या अगदी जवळ होता. खोडून काढायला निघालेल्या पाद्र्यांनीच डॉक्टरांचं म्हणणं पक्कं केलं.

डॉक्टरांकडे सिद्धांत होता, पाद्र्यांकडे ओळख होती. वस्तीतली बाई त्या पाद्र्यांच्या जागी असते. कुठलं घर दुपारी उघडं असतं, कोणाच्या सासूने बोलू दिलं नाही, कोण गावी गेलं आणि का गेलं, हे तिला माहीत असतं. बाहेरच्या अभ्यासकाला हे कळायला वर्ष जातं, तोवर त्याच्या प्रकल्पाची मुदत संपते.

आपल्या भाषेतलं उदाहरण हवं तर गडचिरोलीच्याच धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) घ्या. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं ते गोंड आदिवासींचं गाव. तिथे गावसभेबरोबर 'अभ्यास गट' चालतो. जंगल, कायदा, जो विषय समोर येईल त्यावर गावकरी बसून चर्चा करतात, गरज वाटली तर बाहेरच्या जाणकाराला बोलावतात, त्याला हवं ते विचारतात. अभ्यास गट फक्त समजून घेतो, निर्णय गावसभा करते आणि तोही सर्वांच्या सहमतीने. वनहक्क कायदा आल्यावर २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. 'अभ्यास' हा शब्द आपण शाळेला देऊन टाकला होता. मेंढ्याने तो गावाला परत आणला.

स्वतःच्या बाजूचंच निघणार ना?

हा आक्षेप पहिल्यापेक्षा वजनदार आहे. ज्याला पाणी हवंय त्यानेच पाणी मोजलं तर तो काटा आपल्याकडे झुकवणारच, असं कोणीही म्हणेल. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं.

या आक्षेपाला "सगळेच पक्षपाती असतात" असं उत्तर देणं मला पळवाट वाटते. खरं उत्तर पद्धतीतच द्यावं लागतं. बादली भरायचे सेकंद दोघींनी मिळून मोजायचे, त्यातली एक दुसऱ्या गल्लीतली असावी. त्रास असलेल्या घरांबरोबर त्रास नसलेल्या घरांतही जायचं. स्नोंनाही जवळच्याच बिअर बनवण्याच्या कारखान्यातले कामगार आजारी पडले नाहीत हे महत्त्वाचं वाटलं होतं. ते पंपाचं पाणी पीत नव्हते. आणि मोजायच्या आधीच लिहून ठेवायचं : काय दिसलं तर आपलं म्हणणं चुकलं असं आपण मानू?

आता परत त्या गल्लीत चला. समजा शेवटच्या घरांना पाणी कमी येतंय आणि सगळ्यांना खात्री आहे की महापालिकेचं झोन ऑफिसच पाणी कमी सोडतं. मुली मोजायला बसल्या, आणि दिसलं की गल्लीच्या तोंडाशी तीन घरांनी लाइनलाच मोटार लावली आहे. मोटार चालू असताना शेवटची बादली भरायला १५० सेकंद लागतात, बंद असताना ८०. म्हणजे झोन ऑफिसचा किंवा लाइनचाही काही दोष असू शकतो, कारण मोटार बंद असूनही गल्लीच्या तोंडाच्या घरापेक्षा पाणी कमी आहे. पण दोषाचा मोठा भाग गल्लीतल्याच तीन घरांत आहे. त्यातलं एक घर मोजणाऱ्या मुलीच्या मावशीचं.

इथे खरी परीक्षा असते. ही नोंद वहीत ठेवायची की नाही? ती गाळली तर संशोधन संपलं, आंदोलनाचं पत्रक उरलं. ती ठेवली तर घरात भांडण होणार. माझ्या मते ती ठेवायची, आणि मोठ्याने वाचायच्या आधी मावशीकडे जाऊन चहा पिऊन तिला सांगायची. मोटार एकदम बंद करायची की पाळी लावायची हे गल्लीने ठरवायचं. आणि पालिकेच्या इंजिनिअरसमोर जाताना आपणच आधी म्हणायचं, आमच्या तीन मोटारी होत्या, त्या बंद करून मोजलं, तरी ८० सेकंद लागतात. असं म्हणणाऱ्या बाईला उडवून लावणं फार अवघड आहे.

जाता जाता कारणाबद्दलचा एक इशारा. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, म्हणून कावळ्याने फांदी तोडली असं होत नाही. नव्या पाइपलाइननंतर पोरांची पोटदुखी थांबली, तर पाइपमुळेच थांबली का? की त्याच महिन्यात पावसाळाही संपला? जिथे पाइप बदलला नाही त्या शेजारच्या गल्लीतली पोरंही त्याच महिन्यात बरी झाली का, हे बघितल्याशिवाय बोलू नये.

मोजलेलं आपल्यावरच उलटलं तर?

वस्तीतल्या बायका हा प्रश्न सर्वांत आधी विचारतात. किती घरं कच्ची, कोणाकडे पट्टा, म्हणजे जागेच्या हक्काचा कागद, नाही, कोणाचं वीज कनेक्शन कसलं, हे लिहिलेली वही उद्या घर पाडणाऱ्याच्या हाती गेली तर? गेडिसना बघून घाबरणाऱ्या इंदूरकरांची भीती आजही तितकीच खरी आहे.

१९८५ मध्ये मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्यांना हटवता येईल, असा त्याचा एकूण अर्थ होता. त्या वर्षी स्पार्क या संस्थेने फुटपाथवरच्या लोकांनाच बरोबर घेऊन सुमारे सहा हजार कुटुंबांची मोजणी केली. सरकारी कागदात ही माणसं कुठेच नव्हती. मोजणीतून दिसलं की ती कामाला आलेली, कष्ट करणारी माणसं आहेत आणि त्यांतली अनेक जण वर्षानुवर्षं तिथे राहताहेत. त्यातूनच पुढे फुटपाथवरच्या बायकांची 'महिला मिलन' ही संघटना उभी राहिली. मोजणी लोकांच्या हातात असेल तर ती ढाल होऊ शकते. दुसऱ्याच्या हातात गेली तर तीच यादी शस्त्र होते. म्हणून वही कोणाकडे राहणार हे पहिल्याच दिवशी ठरवा. उत्तरांच्या पानावर नावं नकोत, फक्त क्रमांक. क्रमांक आणि नावांची जोडी वेगळ्या कागदावर, वेगळ्या घरात. आणि 'नको' म्हणणाऱ्या घराला का नको ते विचारायचं नाही. फोटो काढायचे तर नळाचे काढा. माणसांचे काढायची गरज क्वचितच पडते.

मी कॉलेजात कित्येक वर्षं विद्यार्थ्यांना संमतीपत्राचा नमुना दिला आणि सही घ्यायला पाठवलं. वस्तीत बसल्यावर समजलं की सहीला लोक घाबरतात. सही म्हणजे कर्ज, सही म्हणजे कोर्ट. तोंडाने नीट सांगणं आणि तिने दोन दिवस विचार करून 'या' म्हणणं, ही मला आता सहीपेक्षा मोठी संमती वाटते.

आणि मग? फाइलच होणार ना?

होऊ शकते. तक्ता केल्याने नळाला पाणी येत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. मोठी लाइन बदलायला पैसा लागतो, टाकी लागते, मंजुरी लागते. वस्तीचं संशोधन पैसा निर्माण करत नाही.

ते काय करू शकतं हे राजस्थानात दिसलं. मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी पहिली जनसुनवाई घेतली. केलं काय, तर सरकारी कामांची हजेरीपत्रकं लोकांसमोर मोठ्याने वाचली. नाव वाचलं की माणूस उठून सांगायचा, मी या कामावर कधी गेलोच नाही. काही नावं तर मेलेल्या माणसांची निघाली. पडताळणीची याहून चोख पद्धत मला माहीत नाही : ज्याच्याबद्दल कागद बोलतो त्याच्यासमोरच कागद वाचायचा. 'आमचा पैसा, आमचा हिशेब' या मागणीतून चळवळ वाढली आणि २००५ मध्ये माहितीचा अधिकार देशाचा कायदा झाला. त्याच वर्षीच्या रोजगार हमी कायद्याने ग्रामसभेला कामांचं सामाजिक अंकेक्षण, म्हणजे लोकांनी केलेली तपासणी, करायला सांगितलं.

एकदा मोजून थांबलं तर काय होतं, हे आपल्याच शहराने पाहिलं आहे. कान्ह आणि सरस्वती नद्यांच्या काठच्या वस्त्यांत ड्रेनेज, रस्ते, पाणी यांचं मोठं जाळं उभारलं गेलं आणि त्या प्रकल्पाला १९९८ मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. काही वर्षांनी तिथे गेलेल्या अभ्यासकांना अनेक ठिकाणी ड्रेनेज तुंबलेली, देखभाल नसलेली दिसली. पुरस्काराच्या वेळी बघणारे होते, नंतर रोज बघायला कोणी नेमलेलं नव्हतं. वस्तीची वही असती तर कुठली चेंबर कोणत्या महिन्यात तुंबायला लागली ते तीत आलं असतं.

शिकायचं कुठे?

हे पदवीसाठी शिकायचं असेल तर इंदूरमध्ये समाजकार्याचं शिक्षण मिळतं, आणि महूला, बाबासाहेबांच्या जन्मगावी, त्यांच्याच नावाचं समाजविज्ञान विद्यापीठ आहे. पण चार घरांना उद्यापासून सुरुवात करायची असेल तर इतकं थांबायची गरज नाही.

एकच प्रश्न घ्या, दोन नकोत. एक महिना मोजा. दोनशे पानी वही घ्या. पंधरा लिटरची एकच बादली सगळ्या घरांत फिरवा, कारण बादली बदलली की आकडा बदलतो. रकाने सहाच ठेवा : तारीख, नळ आला ती वेळ, गेला ती वेळ, बादली भरायचे सेकंद, मोटार चालू की बंद, भरणारी कोण. न आलेल्या दिवशीही ओळ लिहायची आणि 'आला नाही' असं लिहायचं. रिकामी जागा सोडली तर आपण विसरलो की पाणी आलं नाही हे नंतर कळत नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांना बोलावून वही मोठ्याने वाचा आणि ज्याला वाटेल त्याला "हे चुकीचं आहे" म्हणू द्या.

आमच्या गटाने वही नळाशेजारच्या खिळ्याला दोरीने बांधली आहे. पानं पाण्याने फुगतात, शाई थोडी फुटते. ज्या बाईने पहिल्या दिवशी मला ते वाक्य ऐकवलं होतं, तीच आता पहाटे पाणी आलं की आधी वेळ लिहिते आणि मग हंडा लावते.